अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण लग्नकार्यातल्या थट्टामस्करीत हमखास निघते आणि सगळे पोट धरून हसतात. मीही आयुष्यभर हसत आलो. २०१६ सालच्या आषाढात मात्र या म्हणीतला पहिला अर्धा भाग माझ्या घरी पाहुणा म्हणून आला आणि माझे हसणे थांबले. आमच्यात कोणी जावई डॉक्टर नाही. असता तरी त्याच्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती. ज्याचे दुखणे होते त्याने ते पाच महिने कोणाच्याही कानावर घातले नव्हते.

छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबादच होते. औरंगपुऱ्यात आमचे तीन खोल्यांचे घर आहे आणि घाटी दवाखाना तिथून चालत जाण्यासारखा. १९५६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेव्हापासून मराठवाड्यातल्या माणसाला ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हटले की तो घाटीची वाट धरतो. शहरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी म्हणूनच वर्षातून चार-सहा वेळा गावाकडची माणसे मुक्कामाला असतात. बरोबर पिशवीत शेंगा, बाजरीचे पीठ आणि जुने केसपेपर. आम्हाला याची सवय होती. पण त्या रविवारी आलेला भाचा पिशवी घेऊन आला नव्हता. वाळूजला कारखान्यात नोकरी, बजाजनगरात चार मित्रांत मिळून खोली, वय चोवीस. जेवण झाले तरी तो उठेना. मामी स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाला, “मामा, एक सांगायचं होतं. आईला सांगू नका.”

मला वाटले, मुलीबिलीचे प्रकरण असेल. तसे असते तर किती बरे झाले असते!

आंघोळ करताना एका बाजूचा वृषण दगडासारखा कठीण लागतो, हे त्याच्या लक्षात आले होते फेब्रुवारीत. दुखत नव्हते. क्रिकेट खेळताना चेंडू लागला होता, त्याची सूज असेल म्हणून त्याने सोडून दिले. मग जडपणा वाटू लागला. कंबर भरून येऊ लागली. एकाला दाखवले, त्याने ‘पाणी भरलंय’ म्हणून पंधरा दिवस गोळ्या दिल्या. सूज उतरेना तेव्हा ‘बुधवारी ये, सुईने पाणी काढू’ असे सांगितले. पोरगा सुईला घाबरला आणि रविवारी माझ्याकडे आला.

त्याची ती भीती किती मोलाची होती, हे दोन दिवसांनी कळले.

*बॅटरीचा उजेड*

माझ्या ओळखीच्या एका शल्यचिकित्सकांकडे मी त्याला घेऊन गेलो. तपासताना त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि सुजेच्या मागे छोटी बॅटरी लावली. अंडकोशात नुसते पाणी असेल तर उजेड तांबूस होऊन आरपार दिसतो. इथे पलीकडे अंधारच होता. दिवा लावून ते म्हणाले, “सुई लावू दिली नाहीस, फार शहाणपणा केलास.”

मी कारण विचारले. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढले. वर दोन मूत्रपिंडे, मधून जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि खाली दोन गोल. बाळ आईच्या पोटात असते तेव्हा त्याचे वृषण खाली नसतात, ते त्याच्या पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात. जन्माआधीच्या शेवटच्या महिन्यांत ते हळूहळू खाली उतरतात आणि उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि रसवाहिन्या बरोबर ओढत आणतात. “म्हणजे असं समजा,” डॉक्टर म्हणाले, “राहतात खाली, पण त्यांचं माहेर वर पोटात. गाठ वाईट असली आणि पसरायची झाली, तर बहुधा आधी माहेरी जाते. पाठीच्या कण्यापुढच्या, पोटातल्या रसग्रंथींत. बाहेरून सुई टोचली तर तिला कातडीतून जांघेकडे जायला दुसरी वाट मिळते.”

मला नातेसंबंधांची भाषा चटकन कळते. त्या एका चित्राने पुढच्या तीन महिन्यांतल्या सगळ्या गोष्टींचा उलगडा झाला. असल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला का पाठवत नाहीत, शस्त्रक्रिया करताना अंडकोशावर चीर न देता जांघेत का देतात, आणि खालच्या दुखण्यासाठी पोटाचा फोटो का काढतात, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ते माहेरच.

सोनोग्राफी त्याच संध्याकाळी झाली. तिला उपाशी राहावे लागत नाही, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. थंडगार जेली लावतात आणि दहा-पंधरा मिनिटांत काम होते. गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेरच्या आवरणात, ती भरीव आहे की पाण्याची, हे या साध्या तपासणीत जवळजवळ अचूक समजते. बाहेरच्या गाठी बहुधा निरुपद्रवी निघतात. आतली भरीव गाठ मात्र दुसरे काही सिद्ध होईपर्यंत कर्करोगाचीच धरावी लागते. भाच्याची गाठ आत होती आणि भरीव होती. पाच महिने जे लपवले ते पंधरा मिनिटांत उघड झाले होते.

*दिवस गेल्याची तपासणी*

दुसऱ्या दिवशी रक्त दिले. त्या चिठ्ठीतली नावे मी पाठ केली होती: अल्फा फिटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच. यातल्या बीटा एचसीजीची गंमत ऐकण्यासारखी आहे. बाईला दिवस गेले की तिच्या शरीरात जे द्रव्य तयार होते आणि औषधाच्या दुकानातल्या पट्टीवर ज्याची रेघ उमटते, ते हेच. वृषणाच्या काही गाठीही हे द्रव्य तयार करतात. अल्फा फिटोप्रोटीन तर मुळात गर्भातल्या बाळाच्या रक्तातले. ज्या पेशींपासून पुढे जीव घडायचा, त्याच पेशी बिघडल्यावर गर्भारपणाच्या खुणा रक्तात सोडतात!

हे आकडे शस्त्रक्रियेच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा घेतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर ते ठरलेल्या गतीने खाली येतात. एचसीजी दोन-तीन दिवसांत निम्मे होते, अल्फा फिटोप्रोटीनला पाच ते सात दिवस लागतात. आकडा उतरेनासा झाला तर समजावे की रोग कुठेतरी उरला आहे. अलीकडे संशोधक रक्तातल्या एका सूक्ष्म आरएनएचा माग घेत आहेत. ‘३७१’ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा रेणू जुन्या खुणांपेक्षा अधिक गाठी पकडतो, असे अभ्यासांत दिसले आहे. तो रोजच्या तपासणीत रुळला, तर पुढच्या मुलांना स्कॅनच्या यंत्रात वारंवार जावे लागणार नाही.

शस्त्रक्रिया झाली. आता बहिणीला कळवणे भाग होते. कन्नडहून ती पहिल्या एसटीने आली. रडली, चिडली आणि मग माझा हात धरून तिने एकच प्रश्न विचारला, “दादा, याच्या लग्नाचं काय?” हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारायला लाजत होतो. तिने तो दारातच विचारला. उत्तर सोपे होते. दुसरा वृषण चांगला असेल तर संसारालाही तो पुरतो आणि मुलांनाही. तरीही पुढे केमोथेरपी लागली तर बीज कमी होऊ शकते, म्हणून आधीच ते साठवून ठेवता येते. आम्ही तसे केले. त्या प्रयोगशाळेच्या दारात मामा-भाचे एकमेकांकडे न पाहता बसलो होतो, हेही सांगून टाकतो.

*साबुदाण्याची खिचडी*

पोटाच्या सीटी स्कॅनची तारीख मिळाली श्रावणातल्या एका सोमवारची. ‘सकाळी उपाशी या’ असे चिठ्ठीवर लिहिले होते. बहीण पहाटे उठली, महादेवाला बेल वाहिला आणि पोराला भरपूर शेंगदाण्याचे कूट घालून साबुदाण्याची खिचडी केली. वर वाटीभर दही. तंत्रज्ञाने विचारले, “काही खाल्लंय का?” बहीण अभिमानाने म्हणाली, “नाही हो, उपासच आहे. नुसती खिचडी खाल्लीय.”

त्या दिवशी स्कॅन झाला नाही. पुढची तारीख चार दिवसांनी मिळाली. मी बहिणीवर डाफरलो, पण चूक तिची नव्हती. आपल्या घरात ‘उपास’ म्हणजे एकादशी दुप्पट खाणे, आणि ‘उपाशी’ हा शब्द त्याच्या इतका जवळचा की श्रावणी सोमवारी दोहोंत फरक कोण करणार? कन्नड, सिल्लोड, वैजापूरहून रात्रीची झोप मोडून आलेली किती माणसे अशी एखाद्या शब्दापायी परत जात असतील! तारीख चुकते, मजुरी बुडते, पुन्हा एसटीचे भाडे. म्हणून त्या तंत्रज्ञाकडून आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते इथे सांगतो.

पोटाची सोनोग्राफी असेल तर सहा-आठ तास काही खायचे नाही, कारण खाल्ले की पित्ताशय आकसून रिकामे होते आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. त्यातच ओटीपोट पाहायचे असेल तर भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. भरलेला मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतो आणि ध्वनिलहरींना वाट करून देतो. जठराची दुर्बिणीतून तपासणी असेल तर पोट खरोखर रिकामे हवे, नाहीतर अन्न दिसण्याच्या आड येते आणि उलटी होऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सीटी स्कॅनच्या आधी रक्तातले क्रिएटिनिन पाहतात, कारण शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. दम्याचा त्रास, औषधाची ॲलर्जी आणि चालू गोळ्या आधीच सांगाव्यात. मूत्रपिंडे अशक्त असतील तर मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवावी लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. तासभर आधीपासून घोट घोट प्यायला पाण्याची जी बाटली देतात, तिने आतडी वेगळी ओळखू येतात. आतडे आणि रसग्रंथी यांची गल्लत होऊ नये म्हणून हा खटाटोप. शिरेत औषध जाताच अंगभर ऊब पसरते आणि कपड्यांत लघवी झाल्यासारखे वाटते. झालेली नसते. हे आधी सांगितले तर माणूस घाबरत नाही.

पोटाच्या आत डोकावण्याची ही धडपड जुनी आहे. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी वॉल्टर कॅनन नावाच्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना किरणांत दिसणारे क्षार घातलेले अन्न भरवून ते गळ्यातून जठरात उतरताना पाहिले. त्यातूनच पुढे बेरियमचे पांढरे पाणी आले. आणि तयारीचे नियमही काही काळ्या दगडावरची रेघ नाहीत. आजच्या सौम्य औषधांसाठी सीटीच्या आधी उपाशी राहण्याची गरज नाही, असे युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली सांगितले. तरी आपल्याकडे अनेक ठिकाणी चार-सहा तास उपाशी बोलावतात. जिथे तपासणी करायची तिथले ऐकावे. फक्त ‘उपाशी म्हणजे पाणीही नाही का? सकाळची गोळी घ्यायची का?’ हे तोंड उघडून विचारावे.

चार दिवसांनी स्कॅन झाला. छाती स्वच्छ होती. पोटात, कण्यापुढे, मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेला रसग्रंथी वाढलेल्या होत्या. गाठ माहेरी पोहोचली होती.

*आण्णांचा गोळा*

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या डोळ्यांपुढे आण्णा उभे होते, माझे चुलतभाऊ. १९७२च्या दुष्काळात ते गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, लग्नाला तीन वर्षे झालेली. पोटात गोळा होता, कंबर धरायची, अन्न जाईना. ‘पोटाच्या विकाराने गेला’ असेच घरात म्हटले गेले. वहिनींनी पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या आईला सांगितले की बैलाने लाथ मारली होती, तेव्हापासून खाली सूज होती, पण ‘ते कुणाला बोलू देत नव्हते’. त्यांना तेच दुखणे होते असे आज खात्रीने कोण सांगणार? पण पोटातला तो स्कॅन पाहिल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही.

आण्णांनी वेळेवर सांगितले असते तरी काय झाले असते, हाही प्रश्न आहे. माणसाचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१च्या ऑक्टोबरात झाला होता. तो आमच्यापासून चंद्राइतका दूर. आणि पसरलेल्या या रोगात तेव्हा जगभरातच दहातला एखादा वाचत असे.

ते चित्र पालटले ते एका भलत्याच प्रयोगातून. अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. १९६५ साली त्यांना आढळले की जंतू वाढतात, लांबलचक होतात, पण दुभंगत नाहीत. हे विजेने होत नव्हते. विजेसाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून झिरपणारे संयुग ते करत होते. पेशींची विभागणी थांबवणारे ते द्रव्य म्हणजे सिस्प्लॅटिन. १९७४ साली इंडियानाच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांच्या जोडीने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले, आणि १९७८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दहातल्या एकाच्या जागी दहातले आठ वाचू लागले. आज रोग लवकर सापडला तर शंभरात पंचाण्णवहून अधिक बरे होतात. कर्करोगाच्या दुनियेत अशी दुसरी गोष्ट क्वचितच सापडेल. आण्णांच्या मरणात आणि त्या औषधात दोनच वर्षांचे अंतर होते.

भाच्याला हे सगळे सांगण्याऐवजी मी एकच नाव सांगितले, युवराज सिंग. २०११च्या विश्वचषकाचा तो मालिकावीर. त्याच्या छातीत, दोन फुफ्फुसांच्या मध्ये निघालेली गाठ याच जातकुळीची होती. २०१२ साली अमेरिकेत त्याच आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली त्याने केमोथेरपी घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारतासाठी पुन्हा मैदानात उतरला. पोरगा पहिल्यांदा नीट जेवला तो त्या रात्री.

पूर्वी कॅन्सर म्हटले की आमच्याकडची माणसे देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठत आणि परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पथारी पसरत. २०१२ साली आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि मराठवाड्याची ती पायपीट बरीच कमी झाली. भाच्याचे उपचार याच शहरात झाले. दर एकवीस दिवसांनी एक, अशा तीन फेऱ्या. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना आणि कानांना त्रास देते म्हणून बाटल्यांमागून बाटल्या सलाइन. केस गेले, चव गेली, कानात शिटी वाजू लागली. दिवाळीला तो टोपी घालून ओवाळून घ्यायला बसला. डिसेंबरातल्या स्कॅनमध्ये रसग्रंथी आकसल्या होत्या आणि रक्तातले आकडे जागेवर आले होते. २०२० साली त्याचे लग्न झाले. मुलीला आधीच सगळे सांगितले होते. आता त्यांना एक मुलगी आहे, आणि साठवलेले बीज वापरायची वेळ आली नाही.

*आयांसाठी, मुलांसाठी*

आपल्या देशात हा रोग विरळा, वर्षाला लाख पुरुषांत एकाहूनही कमी. म्हणूनच तो ध्यानात येत नाही. पण तो गाठतो ते पंधरा ते चाळीस या वयात, म्हणजे घराचा आधार होण्याच्या वयात. म्हणून दोन गोष्टी रविवारच्या या निवांतपणात घरात बोलाव्यात.

एक, आयांसाठी. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना दोन्ही वृषण खाली उतरले आहेत ना, हे पाहावे. सहा महिन्यांपर्यंत उतरला नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. लहानशी शस्त्रक्रिया करून तो साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत जागेवर आणतात. माहेरीच राहिलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याची शक्यता अधिक असते आणि ती हाताला लागतही नाही.

दुसरी, मुलांसाठी. आंघोळीत कठीण, न दुखणारी गाठ लागली तर ‘दुखत नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नये. न दुखणे हाच इथे इशारा आहे. आठवड्याच्या आत दाखवावे, सोनोग्राफी करावी, आणि सुईने पाणी काढायचा घाट घालू देऊ नये.

हे लिहिण्याआधी भाच्याला विचारले. “नाव टाका,” म्हणाला. मीच टाकत नाही, जुन्या वळणाचा माणूस. त्याने मात्र कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात बजाजनगरच्या खोलीतल्या मित्रांना सगळे सांगितले होते. सुरुवातीला हशा झाला. मग रात्री दिवे मालवल्यावर एक जण अंधारातून म्हणाला, “यार, मलापण थोडं तसंच वाटतंय.” दुसऱ्या दिवशी भाचा त्याला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेला. दिवा बंद झाला, बॅटरी लागली आणि उजेड तांबूस होऊन आरपार दिसला. नुसते पाणी होते.